पायावर घातलेले लेकरू

॥ श्री जगदंबा प्रसन्न ॥



या माहितीपुस्तिकेत नित्यपूजेच्या वेळा, अभिषेक व महाप्रसाद यांची व्यवस्था, भक्तनिवासाचे नियम इत्यादी माहितीबरोबर दोन-चार पाने चिंतनासाठी राखून ठेवण्याचा प्रघात आहे. ही पाने बहुधा एखाद्या कीर्तनकारांकडून अथवा शास्त्रीबुवांकडून लिहवून घेतली जातात. यंदा विश्वस्त मंडळाने ती सेवा माझ्याकडे सोपविली. मी शास्त्री नव्हे. मराठी विषय घेऊन पदवीधर झालेला आणि पंचवीसहून अधिक वर्षे पावत्या फाडण्यात गेलेला कार्यालयीन मनुष्य आहे. तेव्हा शास्त्रार्थात काही उणे राहिल्यास जाणत्यांनी पदरात घ्यावे.

पावतीच्या खिडकीशी बसणाऱ्यास आवाजांची ओळख होते. संततीसाठी नवस बोलणारी मंडळी मोकळेपणाने बोलतात. ओटी किती वाराच्या खणाची, पाळणा लाकडी चालेल की चांदीचाच हवा, हे सारे रांगेतल्या दहाजणांदेखत विचारतात. नवस फेडायला येणारे तर पेढे वाटतच येतात. परंतु अधूनमधून एखादे जोडपे रांग ओसरेपर्यंत बाजूला थांबते. मुलाच्या अंगावर नवे झबले असते, आईने त्याला छातीशी जरा अधिकच घट्ट धरलेले असते. खिडकी मोकळी झाली की वडील वाकून हलक्या आवाजात विचारतात, "मूल आम्ही दत्तक घेतलंय. देवीच्या पायावर घातलं तर चालतं ना? आणि संकल्पात गोत्र कुठलं सांगायचं?"

त्या प्रश्नाचे उत्तर येथे एकदा छापून ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

चालते. आपल्या संस्थानात गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी गुरुजी बाळ हातात घेतात, आईच्या पायांशी टेकवतात आणि अंगारा लावून परत देतात. हे बाळ कोणाच्या उदरी जन्मले असा प्रश्न त्या वेळी कोणासही विचारला जात नाही. गोत्र घरातील सर्वांचे जे आहे तेच. दत्त पुत्राने जन्मदात्याचे गोत्र चालवू नये, असे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातच सांगितले आहे. ज्यांना स्वतःचे गोत्र ठाऊक नसते त्यांच्यासाठी काश्यप गोत्र उच्चारण्याची चाल आहे. दत्तक लेकराला तिचाही आधार घेण्याचे कारण नाही. त्याला गोत्र मिळालेले आहे.

कायद्याचेही तेच म्हणणे आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ साली झाला, त्यात दत्तविधानाच्या दिवसापासून ते मूल सर्व बाबतींत दत्तक घेणाऱ्यांचेच मानावे असे स्पष्ट आहे. दत्तहोम केला नाही म्हणून दत्तक अवैध ठरत नाही, हेही त्यातच आहे. मनाच्या समाधानासाठी कोणास होम करावयाचा असल्यास गुरुजी जरूर करतील. परंतु तो केल्यावाचून मूल आपले होत नाही, असे कोणी सांगितल्यास मानू नये. पूर्वी दत्तक म्हणजे पुत्रच. कन्येला दत्तक घेण्याचा सरळ मार्ग या कायद्याने खुला केला, ही गोष्ट मला त्यातील सर्वांत मोठी वाटते. याला एक घरचे कारण आहे, आणि ते आता सांगणे प्राप्त आहे.

आमचा विवाह १९९३ सालचा. अकरा वर्षे घरात पाळणा हलला नाही. मी याच कार्यालयात इतरांच्या नवसाच्या पावत्या फाडीत होतो आणि माझी पत्नी घरी नवरात्राचे घट बसवीत होती. या काळात लोकांनी सुचविलेली व्रते, उपाय आणि औषधे यांची यादी देत नाही, ती येथे मावणार नाही. २००४ साली एका शहरातील शिशुगृहातून आम्ही सात महिन्यांची कन्या घरी आणली. न्यायालयाचा आदेश हाती पडला तो दिवस गुरुवारचा होता. शुक्रवारी पहाटे, काकड आरतीनंतर, तिला येथेच पायावर घातले. त्या दिवशी पावती फाडण्याचे काम माझ्या सहकाऱ्याने केले, कारण माझा हात स्थिर नव्हता.

आमचे घर जुन्या वळणाचे. मातोश्री सोवळ्यात स्वयंपाक करीत, देवघरात आंघोळ केल्याशिवाय पाऊल टाकू देत नसत. मुलगी रांगू लागली तशी ती देवघराकडे धाव घेई, समईची ज्योत तिला ओढून नेत असावी. मातोश्री आतून म्हणत, "धरा रे तिला, मी सोवळ्यात आहे." आता, हे वाक्य त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलांनाही शंभरदा ऐकविले होते. तरीही ते कानी पडले की माझी पत्नी माझ्याकडे पाही आणि मी खाली पाहत असे. हे नेहमीचेच सोवळे आहे की त्याखाली आणखी काही दडले आहे, हे आम्हांला कळत नव्हते. आणि विचारण्याचे धैर्य तर दोघांतही नव्हते. बारशाला आलेल्या एका बाईंनी पाळण्यात डोकावून "कुठली म्हणायची?" असे विचारले होते. मातोश्रींनी त्यांना उत्तर दिले नाही. घुगऱ्या मात्र दिल्या. त्या मौनाचा अर्थही आम्ही कित्येक वर्षे दोन्ही बाजूंनी लावून पाहिला.

ज्यांच्या घरी दत्तक मूल आहे, त्यांना हे दिवस समजतील. मोठ्या प्रसंगांपेक्षा अशा बारीकसारीक गोष्टीच माणसाला शिणवितात. रंग कोणावर गेला, चाल कोणासारखी, आजोळचे काय घेतले, अशा सहज गप्पा चालू असतात आणि मूल समोरून गेले की बोलणारे एकदम थांबतात. बोलण्यापेक्षा ते थांबणे अधिक बोचते.

२००८ च्या नवरात्रात अष्टमीला घरी कुमारिका पूजन होते. देवीभागवतात दोन ते दहा वर्षे वयाच्या कन्या पूजनास सांगितल्या आहेत आणि प्रत्येक वयाला देवीचे एकेक नाव दिले आहे. चार वर्षांची ती कल्याणी. आमची कन्या तेव्हा चार वर्षांची होती. नऊ पाट मांडले होते. आदल्या रात्री माझ्या आत्याबाई मातोश्रींना म्हणाल्या, "वहिनी, कुमारिका कुळाची माहिती असलेली असावी. हिला आपण फुलं वाटायला ठेवू, पोर नाराज व्हायची नाही." आत्याबाई मनाने वाईट नव्हत्या. दरवर्षी हिवाळ्यात त्यांनीच मुलीसाठी स्वेटर विणून पाठविला. मनुष्याच्या अंगी माया आणि अढी एकाच वेळी नांदू शकतात, हे मी त्यांच्याकडून शिकलो. मातोश्री त्यावर काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. कार्यालयात बसून जगाला जे सांगतो ते त्या रात्री स्वतःच्या घरात मला सांगता आले नाही, हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

सकाळी शेजारच्या आठ मुली पाटावर बसल्या. नववा पाट रिकामा होता. एक मुलगी तापाने आली नव्हती, की तो पाट कोणी मुद्दाम राखला होता, मला ठाऊक नाही. मातोश्री एकेकीचे पाय परातीत घेऊन धूत होत्या. आठवीचे पाय पुसून झाले तोच आमची कन्या हातातली फुलांची परडी खाली ठेवून आली, नवव्या पाटावर बसली आणि तिने दोन्ही पाय परातीत सोडले. आत्याबाई पुढे सरसावल्या. मातोश्रींनी मान वर केली नाही. तांब्या कलता केला, पाय धुतले, पदराने पुसले, हळदकुंकू लावले आणि मस्तक टेकविले. मग उठताना माझ्या पत्नीला म्हणाल्या, "पाय गार पडलेत पोरीचे. आडाचं पाणी पहाटेचं गार असतं, कुणी सांगितलं नाही मला. मोजे घाला तिला."

या विषयावर मातोश्री आमच्याशी आयुष्यात एवढेच बोलल्या.

आता आमची चूक सांगतो. मुलीला ती दत्तक असल्याचे आम्ही सांगितले नव्हते. आज सांगू, पहिलीत गेली की सांगू, मुंजीसारखा एखादा प्रसंग पाहून सांगू, असे करीत वर्षे गेली. शिशुगृहातील ताईंनी बजावले होते की पाळण्यात असल्यापासून ही गोष्ट तिच्या कानावर असू द्या, म्हणजे तिला ती बातमी वाटणार नाही. आम्ही ऐकले आणि विसरलो, खरे म्हणजे विसरल्यासारखे केले. नऊ वर्षांची असताना तिला हे शाळेच्या वाटेवर एका मुलीने सांगितले. ती घरी आली ती आमच्याकडे न येता थेट आजीकडे गेली. मातोश्री वाती वळीत होत्या. त्यांनी तिला जवळ बसवून सांगितले की हे खरे आहे, आणि जगात असे अनेकदा होते. बाळकृष्ण नाही का देवकीच्या पोटी आला आणि यशोदेच्या मांडीवर वाढला?

रात्री मुलगी माझ्याजवळ आली. रडत नव्हती. तिने विचारले, "बाबा, मला मथुरेला कधी जायचं?"

मला प्रथम उमगले नाही. मग ध्यानात आले. आम्ही मोठी माणसे यशोदेची कथा सांगतो ती आपल्या समाधानासाठी. पोटी न घेताही आईपण पूर्ण होते, एवढेच आपण तीत ऐकतो. पण मुलाने ती कथा पुरती ऐकलेली असते. अक्रूर रथ घेऊन येतो, कृष्ण त्यात बसतो, आणि गोकुळात पुन्हा राहायला येत नाही. जिथे वाढलो तिथून एक दिवस कोणीतरी आपल्याला न्यायला येणार, हा त्या मुलीने लावलेला अर्थ होता. आणि कथेच्या शब्दांप्रमाणे तो चुकीचाही नव्हता.

त्या रात्री मी तिला एवढेच सांगितले की कोणी रथ घेऊन येणार नाही, आणि आलाच तर दाराशी मी आहे. त्यानंतर मात्र मी पोथी उघडली. दशम स्कंधाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात, कंसवधानंतर, श्रीकृष्ण नंदबाबांना निरोप देताना जे म्हणतात त्याचा भावार्थ असा, की आप्तांना पोसणे व राखणे अशक्य झाल्यामुळे ज्यांना सोडावे लागले अशा बालकांना जे स्वतःच्या लेकरांप्रमाणे वाढवितात, तेच पिता आणि तीच माता. भगवंतांनी हे खरे आईवडील भेटल्यानंतर, मथुरेत उभे राहून म्हटले आहे. याच वचनात जन्मदात्यांनाही दोष दिलेला नाही, कारण त्यांना अशक्य झाले असे म्हटले आहे. आमच्या मुलीला जन्म देणाऱ्या माउलीविषयी आम्हांला काहीही ठाऊक नाही. पण त्या अध्यायाच्या वाचनापासून नवरात्रात पहिल्या माळेला तिच्या नावाने एक वात लावली जाते. नाव माहीत नाही, म्हणून "त्या आईची" असे म्हणतो.

पुढे ब्याऐंशीव्या अध्यायात, सूर्यग्रहणाच्या पर्वावर कुरुक्षेत्री नंद-यशोदा आणि कृष्ण यांची पुन्हा भेट होते, कंठ दाटून कोणालाही बोलता येत नाही. हेही मी तिला वाचून दाखविले. ती म्हणाली, "मग इतकी वर्षं का नाही गेला?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. कीर्तनकार ते विरहभक्तीच्या अंगाने देतात. नऊ वर्षांच्या मुलीला ते देऊ नये असे मला वाटले.

तिला स्वतःला रुचली ती निराळीच कथा, आणि ती आपण सहसा सांगत नाही. कर्णाचे नाव काढले की आपल्याला पेटी, नदी आणि अपमान आठवतात. उद्योगपर्वात श्रीकृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगतात आणि राज्य देऊ करतात. त्या वेळी कर्ण काय म्हणतो? राधेला मला पाहताच मायेने पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले, अधिरथाने माझे जातकर्म केले, नाव ठेवविले, माझी लग्ने लावून दिली. पृथ्वीचे राज्य किंवा सोन्याच्या राशी मिळाल्या तरी हे नाते मी खोटे कसे करू? त्याने युद्धात कोणती बाजू घेतली तो विचार वेगळा. पण या संवादात तो बाहेरचा राहिलेला नाही, त्याला घर आहे. मुलीने हा भाग तीनदा वाचावयास लावला. "मलमूत्र" या शब्दाला ती प्रत्येक वेळी हसली. ज्या कुंतीने त्याला पाण्यात सोडले तीही मूळची शूरसेनाची पृथा, कुंतिभोजाला दिलेली कन्या. हे मात्र तिला मोठेपणी सांगितले.

आपल्या संतपरंपरेतही हे धागे आहेत. महीपतींनी भक्तविजयात नामदेवरायांची कथा सांगितली आहे, तीत दामाशेटींना ते बाळ भीमेच्या पात्रात शिंपल्यात सापडते. त्याच घरात गंगाखेडहून आलेली जनाबाई लहानाची मोठी झाली. जनाबाईविषयी एक गोष्ट मनात येते ती स्पष्ट लिहितो. ती त्या घरची लेक होती की दासी? ती स्वतःला नामयाची दासी म्हणविते, तो भक्तीचा अधिकार झाला. परंतु आपल्या समाजात "आम्ही पोसलेली आहे" असे म्हणत दळण, भांडी आणि धुणे जिच्या वाट्याला येते, अशी मुलगी पुष्कळ घरांत असे. त्या घरी विठ्ठल दळू लागला, हे आपण कौतुकाने गातो. दळायला तिला एकटीलाच का बसावे लागले, हे आपण विचारीत नाही.

इतिहासातील दत्तकांची उदाहरणे येथे फारशी देत नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले आणि सयाजीराव महाराज झाले. कागलचे यशवंतराव घाटगे १८८४ साली कोल्हापूरला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. दोघांनी गादीचे सोने केले. परंतु ती दत्तके गादीच्या गरजेची होती. सामान्य घरीही वंश आणि पिंड यांसाठीच मूल मांडीवर घेत. आजचे दत्तक मुलाच्या गरजेचे आहे, असे निदान कायदा तरी मानतो.

येथे देणगीदारांसाठी एक विनंती. बालकाश्रमातील मुलांना महाप्रसादास बोलावण्याची आपली भावना स्तुत्य आहे, आणि त्यासाठीची रक्कम कार्यालयात स्वीकारली जाते. मात्र त्या मुलांना रांगेत बसवून त्यांच्यासमवेत छायाचित्रे घेऊ नयेत. एका वर्षी अशीच पंगत चालली असता माझी मुलगी वाढावयास आली होती. घरी गेल्यावर तिने विचारले, "आपण आपल्या घरी जेवताना कोणी फोटो काढतं का?" तेव्हापासून संस्थानने हा नियम केला आहे. ती मुले इतर भाविकांच्या पंगतीतच बसतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नवसाची जागा म्हटली की काही मंडळी "मूल मिळवून देतो" म्हणून येथे फिरतात. अनाथ, टाकून दिलेले वा सोपविलेले मूल कायद्याची रीत सोडून परस्पर देणे-घेणे हा गुन्हा आहे, मग त्यात पैसा असो वा नसो. सरकारी यंत्रणेकडे नोंदणी करून, शिशुगृहामार्फतच मूल घ्यावे. २०२२ पासून अशा दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. यास वेळ लागतो, आणि तो वेळ फार जड जातो हे मी अनुभवाने जाणतो. तरीही दुसरी वाट धरू नये. मंदिराच्या आवारात, पायऱ्यांवर किंवा भक्तनिवासात बेवारस बालक आढळल्यास ते उचलून घरी नेऊ नये. कार्यालयास कळवावे अथवा १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. असे बालक चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. आणि जिला आपले मूल सांभाळणे खरोखरच अशक्य झाले आहे अशा एखाद्या माउलीने हे पान वाचले, तर तिच्यासाठीही लिहितो. लेकरू पायरीवर सोडून जाऊ नका. समितीकडे ते रीतसर सोपविता येते, आपले नाव चारचौघांत होत नाही, आणि निर्णय बदलण्यासाठी साठ दिवसांची मुदत असते.

असो. पुन्हा घराकडे येतो.

मातोश्री २०१९ साली गेल्या. शेवटचे चार महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या. सोवळे सुटले होते, वाती वळता येत नव्हत्या. मुलगी शाळेतून आली की त्यांच्या पायथ्याशी बसून अभ्यास करी आणि तेल चोळी. दहाव्या दिवशी घाटावर गुरुजींनी तिलांजलीसाठी नातवंडांना बोलाविले, तेव्हा ती उठून पुढे गेली. गुरुजींनी गोत्र विचारले. तिने सांगितले. माझ्या बहिणीच्या मुलांचे गोत्र निराळे, म्हणून त्यांना ते आठवून सांगावे लागले. हिने आमचेच सांगितले.

आज ती पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्यास असते. दररोज पूजा करतेच असे नाही, आणि त्यावरून आमचे वादही होतात. परंतु अष्टमीला ती न चुकता येते. कुमारिकांचे पाय धुण्याचे काम आता तिच्याकडे आहे. पाट मांडले जातात, मुली बसतात, परात पुढे ओढली जाते. तांब्यातले पाणी कोमट आहे ना, हे ती आधी बोट बुडवून पाहते.